अर्ज भावाचा, ईमेल एजंटाचा

माझा धाकटा भाऊ गेल्या मोसमात अमेरिकेतील कॉलेजांत पदवीसाठी अर्ज करत होता. त्याची ज्या सल्लागार संस्थेने फसवणूक केली, तिने कोणतेही बनावट कॉलेज त्याच्या गळ्यात मारले नाही. तिने सुचवलेले कॉलेज खरे होते, तिथला प्रवेश खरा होता आणि पुढे आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजाकडून मिळणारा दाखला) सुद्धा खराच आला असता. मात्र भावाला दुसऱ्या एका कॉलेजाने दिलेला प्रवेश आणि त्यासोबतची भरघोस आर्थिक मदत त्याच्यापर्यंत पोहोचूच दिली गेली नाही, आणि त्याच्या नावाने ती परस्पर नाकारण्यात आली. हे कसे घडते ते इतर घरांना वेळेत कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तक्रार प्रलंबित असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

अमेरिकेला शिकायला जायचे म्हटले की पहिला इशारा मिळतो तो बोगस विद्यापीठांचा, आणि तो रास्तच आहे. कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय होते. निम्म्याहून अधिक विद्यार्थी कागदोपत्री सनीव्हेलमधील एकाच अपार्टमेंटमध्ये राहत असल्याचे दाखवले होते, आणि चौकशीच्या काळात काही विद्यार्थ्यांच्या पायांत त्यांच्या हालचालींचा माग ठेवणारी यंत्रे बांधली गेली. मिशिगनमधील युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन तर अमेरिकी इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून उभी केली होती. ते २०१९ च्या सुरुवातीला उघड झाले आणि विद्यार्थी आणून देण्याचे पैसे घेणाऱ्या आठ जणांवर खटले भरले गेले. ट्राय-व्हॅलीला आय-२० देण्याची सरकारी परवानगी होती, पण शैक्षणिक मान्यता नव्हती. त्यामुळे या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, हे आम्हाला ठाऊक होते. होमलँड सिक्युरिटी खात्याच्या ‘स्टडी इन द स्टेट्स’ या संकेतस्थळावरील यादीत आणि अमेरिकी शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या नोंदीत आम्ही प्रत्येक कॉलेज शोधले. सगळी नावे दोन्हीकडे सापडली. फसवणूक कॉलेजात नव्हतीच, त्यामुळे ती या तपासणीत दिसण्याचे कारण नव्हते.

ती होती अर्जाच्या पहिल्याच रकान्यात. संस्थेने भावासाठी ‘कॉमन ॲप’वर, म्हणजे एकाच जागेवरून अनेक कॉलेजांना अर्ज करण्याच्या संकेतस्थळावर, खाते उघडले आणि त्यासाठी त्याच्या नावापुढे काही आकडे जोडून एक नवा ईमेल पत्ता तयार केला. आठ कॉलेजांचा पत्रव्यवहार एकाच जागी राहावा आणि एकही मुदत चुकू नये, असे कारण सांगितले. पासवर्ड मात्र त्यांच्या कार्यालयातच राहिला. भावाने तो मागितला तेव्हा, मुले घाईने काहीतरी बटण दाबतात आणि अर्ज बिघडवतात, असे उत्तर मिळाले. हे उत्तर इतके शांतपणे आणि काळजीच्या सुरात दिले गेले, की त्यात वावगे आहे असे ऐकणाऱ्याला वाटू नये. इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतील कॉलेज अर्जदाराला ओळखते ते अर्जावरच्या ईमेल पत्त्याने. प्रवेश मिळाल्याचे पत्र, राहिलेल्या कागदांची विचारणा, शिष्यवृत्तीचा तपशील, कॉलेजाच्या स्वतःच्या पोर्टलचे लॉगिन, सगळे त्याच पत्त्यावर जाते. तो पत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती विद्यार्थ्याचे पुढचे वर्ष असते.

मार्च संपत आला आणि निकाल येऊ लागले. आम्हाला एकही पत्र दाखवण्यात आले नाही. दाखवण्यात आला तो एक एक्सेलचा तक्ता. आठ ओळी, त्यांपैकी सहा लाल, दोन हिरव्या. लाल ओळींपुढे ‘नाकारले’ आणि हिरव्या ओळींपुढे ‘प्रवेश, शिष्यवृत्तीसह’. मूळ पत्रे पाहायची आहेत, असे वडिलांनी सांगितले, तेव्हा नकाराची पत्रे पोर्टलवर फार काळ राहत नाहीत, असे उत्तर मिळाले. त्यानंतर घाई सुरू झाली. हिरव्या दोन कॉलेजांपैकी एकाचे डिपॉझिट दोन दिवसांत भरले नाही तर जागा जाईल, असा निरोप आला. प्रत्यक्षात पदवीच्या प्रवेशासाठी बहुतेक अमेरिकी कॉलेजांत होकार कळवण्याची मुदत १ मे असते, आणि ती प्रवेशपत्रातच लिहिलेली असते. पण पत्रच हाती नसेल, तर मुदत सांगणारा सांगेल तीच.

त्याच सुमारास ‘शिष्यवृत्ती प्रक्रिया शुल्क’ म्हणून १,५०० डॉलर मागण्यात आले. संस्थेने आपल्या ओळखीने वर्षाला १२,००० डॉलरची सवलत मिळवून दिली, असा दावा होता. पुढे मी त्या कॉलेजाच्या संकेतस्थळावरील परदेशी विद्यार्थ्यांचे पान उघडले, तेव्हा शाळेतील गुणांच्या सरासरीनुसार किती सवलत आपोआप मिळते याचा तक्ता तिथे सगळ्यांसाठी मांडलेला होता. भावाच्या गुणांपुढे नेमका १२,००० चा आकडा होता. कोणाची ओळख लागत नव्हती आणि कोणतेही शुल्क नव्हते. कॉलेज स्वतः शिष्यवृत्ती देते तेव्हा ती मिळवून दिल्याबद्दल तिसऱ्या कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत, हे पक्के लक्षात ठेवावे.

बिंग फुटले ते एका वेगळ्याच वाटेने. परदेशी विद्यार्थ्यांना पदवीसाठी अमेरिकेत मदत मिळतच नाही, असे संस्थेने सुरुवातीपासून ठसवले होते. यातले अर्धे खरे आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी मदत मिळत नाही. पण कॉलेजे स्वतःच्या निधीतून मदत देतात, आणि हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, ॲम्हर्स्ट यांसारख्या संस्था तर परदेशी विद्यार्थ्याची पैशाची गरज न पाहता प्रवेश ठरवतात आणि मग ती गरज पूर्ण भागवतात. या मदतीसाठी अनेक कॉलेजे ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा, सॅट ही प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचा फॉर्म मागवतात. भावाने हा फॉर्म शाळेतील एका शिक्षिकेच्या सांगण्यावरून स्वतः भरला होता, आणि त्यासाठी सॅट परीक्षेच्या वेळी उघडलेले स्वतःचे कॉलेज बोर्ड खाते वापरले होते. म्हणजे एका कॉलेजाच्या आर्थिक मदत कार्यालयाकडे त्याचा खरा ईमेल पत्ता होता. मे महिन्यात त्या पत्त्यावर चार ओळींचा मजकूर आला: आपण आमचा प्रवेश नाकारल्यामुळे आपली मदतीची फाइल बंद करत आहोत, पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा.

तक्त्यात हे कॉलेज लाल ओळीत होते.

भावाने लगेच प्रवेश कार्यालयाला लिहिले. उत्तर अत्यंत सौजन्याचे होते, पण अर्जावर नोंदवलेल्या पत्त्याखेरीज इतर कोणत्याही पत्त्यावर आम्ही माहिती देऊ शकत नाही, असे त्यात म्हटले होते. हा नियम विद्यार्थ्याच्या संरक्षणासाठीच असतो, आणि इथे तोच आड आला. शेवटी शाळेच्या प्राचार्यांनी शाळेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र पाठवले, व्हिडिओ कॉलवर भावाने पासपोर्ट दाखवला, आणि मग सगळे समोर आले. मार्चअखेरीस प्रवेश मिळाला होता. राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च सुमारे ८४,००० डॉलर, त्यातील ६१,००० डॉलर कॉलेज देणार होते, म्हणजे घरून २३,००० लागणार होते. संस्थेने सुचवलेल्या कॉलेजात सवलत वजा जाता ४०,००० लागत होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवर नकाराचे बटण दाबले गेले होते आणि कारणांच्या यादीतून ‘दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला’ हे निवडले होते. ते पोर्टल भावाने तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा त्या वर्षीचा निधी वाटून झाला होता, म्हणून तो प्रस्ताव पुन्हा जिवंत करता आला नाही. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा आणि घडलेला प्रकार त्यात नमूद करावा, असे त्यांनी सुचवले.

संस्थेने असे का केले, याचे उत्तर कमिशनमध्ये आहे. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यानुसार सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना देशातील विद्यार्थी आणून देणाऱ्यांना दरडोई मोबदला देता येत नाही. १९९२ पासून ही बंदी आहे. पण परदेशात राहणाऱ्या आणि सरकारी मदतीस पात्र नसलेल्या विद्यार्थ्यांच्या भरतीला तिच्यातून वगळले आहे. त्यामुळे काही कॉलेजे परदेशी एजंटांना प्रत्येक प्रवेशामागे पैसे देतात, आणि तो मोबदला बहुधा पहिल्या वर्षाच्या ट्यूशन फीच्या टक्केवारीत असतो. हे बेकायदा नाही, आणि प्रत्येक एजंट लबाड असतो असेही मी म्हणत नाही. अमेरिकेतील प्रवेश सल्लागारांच्या ‘नॅकॅक’ या संघटनेने २०१३ मध्ये परदेशातील कमिशनला मुभा दिली, तीही व्यवहार पारदर्शक असावा या अटीवर. आम्हाला मात्र कोणी काहीच सांगितले नव्हते. हिरव्या ओळींतील दोन्ही कॉलेजे कमिशन देणारी होती आणि मदत देणारे कॉलेज देत नव्हते. आपल्याकडून शुल्क घेणारा सल्लागार कोणाकोणाकडून आणखी पैसे घेतो, हे लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तिथेच थांबावे.

कॉमन ॲपचे खाते आमच्या ताब्यात आल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि मला ती पैशापेक्षाही गंभीर वाटते. दोन शिक्षकांच्या नावाने जोडलेली शिफारसपत्रे त्या शिक्षकांनी लिहिलीच नव्हती. त्यांच्या नावाचे ईमेल पत्तेही संस्थेनेच तयार केले होते. निबंधात एका अपघाताचा प्रसंग होता, जो आमच्या घरात कधी घडलाच नाही. आम्हाला दाखवलेल्या छापील प्रतीत हा निबंध वेगळा होता. अर्ज पाठवताना विद्यार्थ्याच्या नावाने सही होते आणि सर्व माहिती खरी व स्वतःची आहे, असे त्यात मान्य केलेले असते. ती माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द होऊ शकतो, मिळालेली पदवीसुद्धा काढून घेतली जाऊ शकते. व्हिसाच्या बाबतीत तर याहून कठोर भाग आहे: जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवल्याचे किंवा तसा प्रयत्न केल्याचे ठरले, तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याखाली प्रवेशबंदी कायमची लागू शकते. व्हिसाच्या मुलाखतीत अधिकारी बरेचदा विचारतात की कुठे कुठे अर्ज केला आणि कुठे प्रवेश मिळाला. तो एक्सेलचा तक्ता खरा मानून भावाने उत्तर दिले असते, तर स्वतःच्याच अर्जाबद्दल तो चुकीची माहिती देऊन बसला असता. जाब देण्याची वेळ आली असती ती अठरा वर्षांच्या मुलावर. संस्थेचे नाव अर्जात कुठेही नाही.

याच संस्थेमार्फत गेलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाशी नंतर ओळख झाली. त्यांना ‘आमच्या भागीदारामार्फत फी भरल्यास आठ टक्के सवलत’ असे संस्थेने सांगितले होते. त्यांनी पैसे भागीदाराला दिले, कॉलेजाच्या खात्यावर बाकी शून्य दिसली, तिचा स्क्रीनशॉटही मिळाला. काही आठवड्यांनी ती बाकी पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली, कारण फी चोरलेल्या क्रेडिट कार्डांवरून भरली होती आणि कार्डांच्या मूळ मालकांनी तक्रार केल्यावर बँकेने व्यवहार उलटवला. बाकी भरेपर्यंत पुढच्या सत्राची नोंदणी अडवली गेली. पदवीच्या एफ-१ विद्यार्थ्याला सत्रात सहसा किमान १२ क्रेडिट (अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) घ्यावे लागतात. नोंदणीच झाली नाही तर व्हिसाचा दर्जा जातो. त्या कुटुंबाने एकच फी दोनदा भरली. फी फक्त कॉलेजाने स्वतः सांगितलेल्या मार्गाने, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॉगिनमधून भरावी. सवलत कॉलेजाच्या बिलावर दिसत नसेल, तर ती सवलत नाही.

आमचे पैसे परत मिळालेले नाहीत. करारात ‘किमान एका मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश’ एवढेच आश्वासन होते आणि ते पूर्ण झाले, असे संस्थेचे म्हणणे आहे. अनेक देशांतील ग्राहक संरक्षण यंत्रणा मिळून चालवत असलेल्या ईकन्झ्युमर या संकेतस्थळावर आम्ही तक्रार नोंदवली आहे, आणि खोट्या शिफारसपत्रांबद्दल आठही कॉलेजांना भावाने स्वतः कळवून ते अर्ज मागे घेतले आहेत. या वर्षी तो सगळे अर्ज स्वतःच्या पत्त्यावरून भरत आहे. शंका आली तर अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘एज्युकेशन यूएसए’ केंद्राला विचारतो. तिथला प्राथमिक सल्ला विनामूल्य असतो आणि ते कोणत्याही कॉलेजाकडून कमिशन घेत नाहीत.

ज्यांचे खाते आत्ता एजंटाच्या हाती आहे, त्यांनी आधी वाद घालू नये. संशय आल्याचे कळताच ईमेलमधील पत्रे पुसली जाण्याची भीती असते. प्रथम शाळेच्या प्राचार्यांकडून किंवा समुपदेशकांकडून, शाळेच्या अधिकृत ईमेलवरून, प्रत्येक कॉलेजाच्या प्रवेश कार्यालयाला पत्र पाठवावे: विद्यार्थ्याचे पासपोर्टवरील पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेचे नाव, आणि यापुढचा पत्रव्यवहार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पत्त्यावर करावा ही विनंती. तोपर्यंत पोर्टलवर दिलेले कोणतेही उत्तर विद्यार्थ्याचे मानू नये, असेही त्यात स्पष्ट लिहावे. कॉलेजाकडून पत्ता बदलल्याची पोच आली की मगच एजंटाकडे पासवर्ड मागावा.