फॉरेक्स कार्ड: बंदरात झकास, बोटीवर नको (बरेच महिने वापरून झाल्यावर)

बँकेचं नाव लिहीत नाही, कारण चार-पाच बँकांचे नियम समोर ठेवून बघितले तर एकोणीस-वीसचाच फरक आहे. मल्टिकरन्सी प्रीपेड कार्ड, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि परदेशात वापरायचे, डॉलर, युरो, पाउंड वगैरेंचे वेगवेगळे कप्पे, ॲपवर बॅलन्स दिसतो, तेच सगळं. घेतलं ते ग्रीस, तुर्की, क्रोएशियाच्या क्रूझसाठी, नंतर लंडनला नणंदेकडे गेलो तेव्हा वापरलं आणि अजून चालू आहे. गोव्यात क्रूझ म्हटलं की लोकांना मांडवीवरच्या कॅसिनो बोटीच आठवतात, मी म्हणतेय ती समुद्रातली, आठवडाभराची, रोज नवीन बंदर आणि कधी कधी रोज नवीन चलन.

आधी बोटीवरचं सांगते, कारण तिथेच सगळे गोंधळतात. बोटीवर खरेदीला रोख चालत नाही, खोलीची चावी असलेलं कार्ड देतात, कॉफीपासून फोटोपर्यंत सगळं त्याच्यावर लिहिलं जातं आणि शेवटच्या रात्री बिल. चेक-इनला त्या खात्याला तुमचं एक कार्ड जोडायचं असतं. इथे फॉरेक्स कार्ड देऊ नका. बोटवाले रोज खर्चाच्या अंदाजाने रक्कम अडवून ठेवतात, ज्याला होल्ड म्हणतात. क्रेडिट कार्डावर तुमची लिमिट अडते, एवढंच, पण प्रीपेडवर तुमचे खरेखुरे भरलेले डॉलर अडकतात आणि बिल भागलं तरी जुने होल्ड सुटायला कितीतरी दिवस जातात. आमच्या टेबलावर नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यांनी प्रीपेड कार्ड जोडलेलं, डुब्रोव्हनिकला उतरले तर बॅलन्स दिसतोय पण पेमेंट होईना, बिचारे दोन दिवस आमच्याकडून युरो घेत होते. आम्ही क्रेडिट कार्ड जोडलं. त्याला फॉरेन मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) लागतो, बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्या मार्कअपवर जीएसटी, ते सहन केलं. मार्कअप कमी असलेलं क्रेडिट कार्ड घरात असेल तर तेच द्या. बऱ्याच बोटींवर पहिल्या दिवशी काउंटरवर रोख भरूनही खातं उघडता येतं, तोही मार्ग चांगला आहे.

आणि बोटीचं चलन कुठलं ते तिकीट काढतानाच बघा, बंदरं युरोपातली म्हणून बोटही युरोत चालेल असं नाही. अमेरिकन कंपन्यांच्या बोटी भूमध्य समुद्रात फिरत असल्या तरी बिल डॉलरमध्ये, एमएससी किंवा कोस्टा या युरोपातल्या कंपन्यांच्या तिथल्या बोटींवर युरो. आमची डॉलरवाली होती आणि उतरल्यावर सगळा खर्च युरोत, म्हणजे दोन्ही लागलं.

टिप्सचं प्रकरण. माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर आपोआप बिलात लागतात, लहान मुलांनाही. चौघांचं कुटुंब, सात रात्री, १८ डॉलर धरले तर ५०४ डॉलर झाले, म्हणजे चाळीस हजारांच्या वर. हे तिकिटाच्या किमतीत धरलेलं नसतं आणि एजंट सांगतोच असं नाही, तेव्हा बुकिंगलाच विचारा, आधी भरता येते. शिवाय बारमधल्या प्रत्येक ड्रिंकवर, स्पामध्ये वेगळे १८-२० टक्के. त्या बारच्या पावतीवर खाली अजून एक रिकामी ओळ असते टिपसाठी, ती भरायची गरज नाही, आधीच लागलेली असते. आमच्या बोटीवर काही जण रिसेप्शनला जाऊन ऑटो टिप काढून घेत होते, रांग लागायची शेवटच्या दिवशी.

आता आमच्या वाड्यावरचे एक काका आयुष्यभर तारवटी होते, क्रूझवर स्टुअर्ड. गोव्यात असे घराघरात आहेत. जायच्या आधी त्यांच्याकडे बसले होते तर म्हणाले, "ती ऑटो टिप काढू नकोस गो बाये, ती सगळ्यांत वाटतात, किचनात भांडी घासणारा पोरगा तुला दिसतसुद्धा नाही, त्याला काय हातात देणार तू? तुझ्या खोलीवाल्याला द्यायचं असेल तर वेगळं दे, आणि शेवटच्या दिवशी नको, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दे." हा सल्ला लाखमोलाचा निघाला, तिसऱ्या दिवशी खोलीवाल्या पोराला दहा डॉलर दिले, तो निघाला मडगावचा, मग काय, शेवटपर्यंत चहाचं गरम पाणी न सांगता खोलीत येत होतं. माझं मत विचाराल तर ऑटो टिप ठेवायची, वर खोलीवाला आणि जेवणाच्या टेबलावरचा वेटर दोघांना हातात थोडं द्यायचं, बाकी कोणाला वेगळं द्यायची गरज नाही.

त्यासाठी सुट्ट्या नोटा लागतात आणि त्या मिळवणं हेच काम आहे. पणजीतल्या मनी चेंजरकडे जायच्या आधीच फोन करून एक, पाच, दहाच्या डॉलरच्या नोटा सांगून ठेवा, ऐनवेळी शंभराच्याच हातात देतात. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर पावलापावलाला मनी चेंजरच्या पाट्या आहेत पण त्यातल्या काहींना परकीय चलन फक्त विकत घ्यायची परवानगी असते, आपल्याला विकायची नाही, आणि पाटीवरचा आकडाही पर्यटकांकडून घ्यायचा असतो, आपल्याला लागणारा रेट त्याच्या वर. आरबीआयचं लायसन्स बघून घ्या, पासपोर्ट, पॅन, तिकीट न्या, पावती घ्या. एक लाखापर्यंत चलन बदललं तर जीएसटी ०.१८ टक्के बसतो, कमीत कमी ४५ रुपये. रोख नोटा एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचं कार्डावर, आणि खरं तर एवढी रोख लागतही नाही.

बंदरात मात्र कार्ड एकदम भारी. ग्रीसमध्ये छोट्या टपरीवरसुद्धा टॅप. क्रोएशियात २०२३ पासून युरोच आहे, जुन्या ब्लॉगवर कुना (तिथलं जुनं चलन) बदलून न्या वगैरे लिहिलंय ते सोडून द्या. कार्ड मशीनवर रुपयांत द्यायचं की युरोत असं विचारतात, आपले रुपये दिसले की बरं वाटतं, पण नेहमी युरोच दाबा, रुपये दाबले तर रेट दुकानदाराचं मशीन लावतं आणि तो वाईटच असतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे नकार द्यायचा. एटीएम शक्यतो बँकेच्या दारातलं, टुरिस्ट रस्त्यांवर जी सुटी खासगी मशीनं असतात त्यांचा चार्ज जास्त, आणि आपली बँक दर वेळी दोनेक डॉलर घेते ते वेगळं. तुर्कीत कुशादासीला लिरा लागतात, तो कप्पा आमच्या कार्डात नव्हता, मग युरोतून वळते होताना साडेतीन टक्के गेले. तिथले दुकानदार युरो रोखही घेतात पण रेट त्यांच्या मनाचा, त्यामुळे मी मोठी खरेदी कार्डावर केली आणि चहा-पाणी रोखीत.

नाणी ठेवा. युरोपात टॉयलेटला पन्नास सेंट, एक युरो लागतो, टूरच्या बसवाल्याला एक-दोन युरो देतात, पाचाच्या खाली नोटच नाही. पण घरी परत आणू नका, मनी चेंजर नाणी घेत नाहीत. हॉटेलात टिप ग्रीसमध्ये बिल वर करून दिलं की पुरे, तुर्कीत पाच-दहा टक्के, इटलीत बिलातच माणशी कोपेर्तो (टेबलावर बसायचा आकार) लावतात तेव्हा वर काही नाही दिलं तरी कोणी वाकडं बघत नाही. अजून एक, ग्रीसनं २०२५ पासून क्रूझवाल्यांवर उतरण्याचा कर लावलाय, उन्हाळ्यात सँटोरिनी आणि मिकोनोसला माणशी २० युरो, तो बोटीच्या बिलात येतो तेव्हा दचकू नका.

सगळ्यात मोठी अडचण ओटीपीची. भर समुद्रात आपला नंबर चालत नाही, बोटीचं वायफाय घेतलं तरी एसएमएस येतोच असं नाही, आणि फोन एअरप्लेन मोडवर नसला तर तो बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि बिल बघून घाम फुटतो. म्हणजे कार्डात पैसे भरायचे ते चढायच्या आधी किंवा बंदरात उतरल्यावर रोमिंग लावून. इंटरनॅशनल वापर, टॅप, एटीएम हे सगळं ॲपमध्ये चालू केलंय ना तेही घरीच तपासा.

लंडनला तर जास्तच उपयोग झाला, तिथल्या बसमध्ये रोख चालतच नाही, कार्ड टॅप करून चढायचं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं तेवढं बघा, ह्यांच्यासाठी ॲड-ऑन (जोडीचं दुसरं कार्ड) काढलं ते तिथे कामी आलं.

तक्रारी दोन. एक, पैसे भरताना बँकेचा रेट आणि गुगलवरचा रेट यात फरक असतो, कार्ड फुकट म्हणून जाहिरात करतात पण कमाई तिथेच करतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारूनच भरा. दुसरी, आमच्या कार्डाला बराच काळ वापर नसला तर चार्ज लागतो, तो बारीक अक्षरात असतो. उरलेले पैसे परत घेताना विकत घ्यायच्या रेटनं मिळतात, म्हणजे पुन्हा नुकसान. नियम असा आहे की परत आल्यावर १८० दिवसांत उरलेलं चलन बँकेला द्यायचं, पण २००० डॉलरपर्यंत ठेवता येतं, म्हणून आम्ही थोडे पाउंड तसेच ठेवलेत, पुढच्या वर्षी नणंद पुन्हा बोलावतेय. पाचपैकी साडेतीन स्टार. क्रूझवाल्यांनी घ्यावं, पण सोबत क्रेडिट कार्ड असेल तरच.