ब्रेक ऑइल बदलल्यानंतरचे सोळा महिने

मे २०२४ मध्ये कराडहून चिपळूणला परतताना कुंभार्ली घाटाच्या शेवटच्या वळणांवर माझ्या गाडीचे ब्रेक पेडल नेहमीपेक्षा चांगले तीन बोटे खाली गेले. गाडीत आम्ही चौघे होतो, डिकी लग्नाच्या सामानाने भरलेली होती, आणि पुढच्या ट्रकमागे मी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवरचा पाय जवळजवळ न उचलता उतरत होतो. खरे तर दुसरा गिअर टाकायला हवा होता. ती चूक माझीच. दोन-तीनदा भराभर पेडल मारल्यावर दाब आला आणि पोफळीला गाडी कडेला घेता आली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे घट्ट लागल्यामुळे घरी पोहोचेपर्यंत हा प्रकार मी निम्मा विसरलोही होतो.

आठवड्याभराने ओळखीच्या मेकॅनिककडे सहज विषय काढला, तेव्हा त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले. आतले ऑइल कोऱ्या चहासारखे तपकिरी झाले होते.

“काका, हे बदललंय कधी?”

“दर सर्व्हिसला होतंच की.”

“बिलं आणा बघू.”

पाच वर्षांच्या बिलांवर तीन ठिकाणी ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’, म्हणजे वरून भर, असे लिहिलेले सापडले, पण बदलल्याची नोंद एकदाही नव्हती. गाडीच्या पुस्तिकेत मात्र दर २ वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते बदलावे, असे स्पष्ट छापले आहे. माझी गाडी ३१,००० किलोमीटर चालली होती. मी केवळ तोच आकडा पाहत राहिलो आणि ‘जे आधी येईल’ हे शब्द वाचूनही न वाचल्यासारखे केले.

वास्तविक पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या या द्रवाचे वय किलोमीटरपेक्षा दिनदर्शिकेवर अधिक मोजावे लागते. नावात ऑइल असले तरी इंजिन ऑइलशी त्याचे काही नाते नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जांचे ग्लायकॉल जातीचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेतात, आणि हा ओलावा रबरी नळ्यांतून व डबीच्या झाकणातील छिद्रातून, गाडी दारात उभी असतानाही, मुरतच राहतो. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेकचे पॅड आणि ते जिला आवळतात ती चाकाची डिस्क तापून ती उष्णता कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागात, उतरली की असे जुने ऑइल उकळते आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो, आणि नेमकी हीच गोष्ट मालकाला गाफील ठेवते. (पेडल घट्टच राहून गाडी थांबत नसेल, तर बहुधा पॅड जास्त तापलेले असतात, तो दोष वेगळा.)

जून २०२४ मध्ये डॉट ४ च्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या आणून मी समोर उभे राहून काम करून घेतले. डबीतले जुने ऑइल सिरिंजने ओढून, नवे भरून, मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब येतो तो भाग) सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. पेडलवर मी बसलो होतो. मेकॅनिकने “दाबा, धरून ठेवा,” म्हटले की चाकाजवळचे निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू, सैल होई, आणि ते पुन्हा घट्ट आवळेपर्यंत पाय उचलायचा नव्हता, कारण तसे केल्यास हवा आत ओढली जाते. पारदर्शक नळीतून आधी तपकिरी, मग राखाडी आणि शेवटी फिकट पिवळे ऑइल बाटलीत उतरताना दिसले. मागच्या उजव्या चाकाचे निपल इतके गंजले होते की ते सोडवण्यात पाऊण तास गेला. पाचही वर्षांत त्याला कुणी पाना लावलाच नव्हता. पुढच्या मडगार्डवर एक थेंब सांडला, तो मेकॅनिकने लगेच पाण्याने धुतला, कारण हा द्रव रंग खातो. मजुरीसह खर्च हजार रुपयांच्या आत आला.

आता सोळा महिन्यांनंतरचा अनुभव. गावातल्या रोजच्या वापरात ब्रेक अधिक जोरदार झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. तिथे फरक जाणवलाच नाही. या काळात कुंभार्ली आठ वेळा उतरलो, त्यांपैकी दोनदा गाडी पूर्ण भरलेली होती, आणि पेडल एकदाही खाली गेले नाही. अर्थात आता मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, त्यामुळे सगळे श्रेय नव्या ऑइलला देता येणार नाही. डबीतली पातळी थोडी उतरली आहे, पण पॅड झिजले की ती उतरतेच, त्यामुळे मी वरून भर घातलेली नाही. पॅड बदलताना त्यांना दाबणारे पिस्टन मागे ढकलले की तेवढे ऑइल डबीत परत चढते. पातळी एकदम घसरली असती, तर गळती शोधली असती.

मेकॅनिककडच्या तपासणीच्या पेनाने बदलण्यापूर्वी लाल दिवा दाखवला होता. कोकणातले दोन पावसाळे काढल्यावर, या महिन्यात, तो पिवळा दाखवतो. हे पेन पाणी थेट मोजत नाही, विद्युतवाहकतेवरून अंदाज बांधते, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर मुदत वाढवणे मला पटत नाही. रंगही फसवा असतो, कारण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकते. त्यामुळे दमट किनारपट्टीवर दोन वर्षांच्या पुढे थांबू नये, असे माझे मत झाले आहे. घाटात वरचेवर जाणाऱ्याने दीड वर्षांनी बदलले तरी मी त्याला उधळ्या म्हणणार नाही.

दुसऱ्या बाटलीत उरलेले ऑइल पुढच्या वेळी वापरावे, असा घरातून आग्रह झाला होता, पण उघडलेल्या बाटलीतही ओलावा शिरतोच, म्हणून ती गॅरेजमध्येच सोडून आलो. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘ब्रेक ऑइल – जून २०२६’ असे मार्करने लिहिले आहे.