सॅटिनचे पैसे घेतले आणि भिंतीला भलतंच फासलं

75,500 रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण सख्ख्या बहिणीलाही मी साठ हजारच सांगितले होते. खरा आकडा सांगायची लाज वाटत होती.

पुण्यात धायरीला आमचा 2 बीएचके आहे, कार्पेट 710 चौरस फूट. 2016 नंतर रंग दिला नव्हता. 2024 च्या दसऱ्यानंतर काम काढलं, दिवाळीच्या आत संपवायचं म्हणून. ठेकेदार आमच्याच सोसायटीत एका घरी काम करून गेलेला. मी त्यांचा हॉल स्वतः जाऊन पाहिला होता, भिंतीवरून हात फिरवून पाहिला होता. चौकशी न करता कुणालाही घरात घेतलं, असं कुणी म्हणू नये.

आणि माणसाला कामातलं कळत होतं. "ताई, हॉलची भिंत उंचसखल आहे, तिथे चमक घेऊ नका, ट्यूबच्या उजेडात प्रत्येक पॅच दिसेल. हॉल-बेडरूमला धुता येणारा मॅट घ्या. पॅसेजला सारखे हात लागतात आणि किचनला तेल उडतं, तिथे सॅटिन. सीलिंगला साधा पांढरा मॅट. दारांना ऑइलपेंट." यातला शब्द न् शब्द खरा आहे, आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. सॅटिनमध्ये बाईंडर, म्हणजे रंगाला भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग, जास्त असतो, म्हणून त्याला हलकी चमक येते आणि डाग पुसता येतो. मॅटमध्ये पावडर जास्त, म्हणून भिंतीचे दोष झाकले जातात. हलक्या प्रतीचा मॅट मात्र पुसायला गेलं की हाताला येतो. इतकं नीट समजावणारा माणूस माल खोटा लावेल, हे डोक्यात तरी कसं येणार?

भिंती आणि सीलिंग मिळून 2,650 चौरस फूट, 26 रुपये दर, म्हणजे 68,900. दारांचे 6,600. कामाआधी 37,750 दिले, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, झाल्यावर 22,650. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी पडेल, ताई." म्हणजे 13,590 रुपये जास्त. मी नको म्हटलं. सगळे तेच करतात. हातात राहिला तो एक एस्टिमेटचा कागद, त्यावर 'प्रीमियम सॅटिन/मॅट फिनिश' एवढंच. कंपनीच्या कुठल्या मालाचं नाव नाही. फिनिश म्हणजे नुसती चमक किती ते. स्वस्त मालातही 'सॅटिन' असतो, महागातही असतो. कागदावर मालाचं पूर्ण नाव आणि शेड नंबर नसेल तर पैसे देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असो.

आता जे आठवून मला रात्री जाग येते ते. 17 ऑक्टोबरला दुपारी बादल्या आल्या, 20 लिटरची एक आणि 10 लिटरची एक. झाकणं आधीच उघडलेली. मी विचारलं, हो, विचारलं. तो म्हणाला, "शेड मिक्स करायला दुकानात झाकण उघडावंच लागतं." तेही खरंच आहे. पण मशीनवर शेड बनवली की दुकानदार झाकणावर स्टिकर लावतो, त्यावर बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग), शेडचा नंबर, तारीख असते. मोठ्या बादलीवर असा स्टिकर होता. मी त्याचा फोटो काढून बंगळुरूच्या लेकीला पाठवला, 'आला बघ आपला रंग' म्हणून. फोटो काढला आणि वाचला नाही! एक महिन्यानंतर मोठा करून पाहिला तेव्हा शेड नंबर आमचा नव्हता आणि तारीख जूनमधली होती. दुसऱ्याच कुणाच्या घरची रिकामी बादली, तिच्यात भलताच माल ओतून आणलेला.

अजून एक. 2016 चा पेंटर बादली उघडली की आधी हात घालून कंपनीचं टोकन काढायचा, धुऊन खिशात टाकायचा, मगच रंग ढवळायचा. ते टोकन किंवा कोड म्हणजे पेंटरची वरकमाई, तो ते कधीच सोडत नाही. या वेळी कुणी शोधलंसुद्धा नाही. मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी होते.

23 ला दोन हात मारून झाले. किचनची भिंत खडूसारखी कोरडी दिसत होती. "तीन आठवडे पक्की होऊ द्या, मग चमक येते." रंग पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे लागतात, हे बरोबर. पण चमक नंतर येत नसते. ओला असतो तेव्हाच रंग सगळ्यात जास्त चमकतो, वाळताना ती कमीच होते. मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा, सॅटिन असेल तर उजेडाचा पट्टा उमटतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. 25 ला उरलेले 15,100 यूपीआयने दिले.

चकल्या तळताना ओट्यामागच्या भिंतीवर तेल उडालं. तीन आठवडे पक्की होऊ द्या म्हणाला होता म्हणून मी ते तसंच ठेवलं, पाहुण्यांसमोर. 16 नोव्हेंबरला ओल्या फडक्याने पुसलं तर डाग भिंतीवरच आणि फडकं बदामी. तळहाताएवढी जागा पांढरी पडली, खालचा प्रायमर दिसायला लागला. बादलीच्या तळाशी राहिलेला रंग घेऊन मी रंगाच्या दुकानात गेले. त्यांनी बोटावर घासून पाहिलं आणि हा डिस्टेंपरच्या, म्हणजे स्वस्तातल्या खडूसारख्या रंगाच्या, जवळपासचा माल आहे, म्हणाले. भाच्याने टेप घेऊन घर मोजलं, 2,184 चौरस फूट भरलं. खिडक्या, कपाटं, किचनच्या टाइल्स, सगळ्यांवर रंगाचे पैसे लावले होते. नुसत्या मापात 12,116 रुपये. मापं त्याच्यासमोर घ्या, तुमच्या टेपने.

18 ला पोलीस चौकीत गेले. निवडणुकीचा बंदोबस्त आहे, 20 तारखेनंतर या. ठीक आहे, मतदान होतं, मी समजून घेतलं. 25 ला गेले तर, "मॅडम, ही दिवाणी बाब आहे. रंग चांगला की वाईट हे आम्ही कसं ठरवणार?" अहो, रंग वाईट आहे अशी माझी तक्रारच नाही! दुसऱ्याची बादली दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? अर्जावर पोच मागितली तर साहेब नाहीत. दीड तास बाकावर बसवलं आणि वर सल्ला काय, "त्याला फोन करून गोडीत मिटवा." त्याने 22 तारखेलाच माझा नंबर ब्लॉक केला होता. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, नऊ दिवसांनी तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. रंगाच्या कंपनीला फोन केला, ते म्हणाले बिल पाठवा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या माणसाचा बोर्ड दोन महिने गेटवर लावू दिला होता. ते म्हणतात, तो तुमचा खासगी व्यवहार. प्रत्येक जण मलाच विचारतो, बिल का नाही घेतलं? चूक माझी आहे, मान्य. पण चोरी त्याने केली, त्याला एकानेही एक प्रश्न विचारलेला नाही.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मी शोधलं. वकील नसला तरी चालतो. एस्टिमेट, यूपीआयच्या नोंदी, स्टिकरचा फोटो आणि झाकणबंद बरणीत ठेवलेला तळाचा रंग, एवढं जोडून मी अर्ज लिहिला आहे. काम संपल्यावर रिकाम्या बादल्या पेंटरला नेऊ देऊ नका. माझी मोठी बादली तो घेऊन गेला.

किचन परत करून घेतलं, 9,400 रुपये. या वेळी दुकानात मी स्वतः गेले, शेड माझ्यासमोर मशीनवर बनवून घेतली, स्टिकर वाचला, पक्कं बिल घेतलं. पहिली बादली उघडली तेव्हा पेंटरने आधी टोकन काढलं. हॉल आणि बेडरूम अजून तशाच आहेत, भिंतीला पाठ टेकली की कपड्यांना रंग लागतो.