वर्गाचा गट की वैयक्तिक खाते?

शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवर संपर्क ठेवायचा तर तो वर्गाच्या गटातून ठेवावा की वैयक्तिक खात्यांवरून, हा प्रश्न आहे. नाशिकमध्ये गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढले की पंचवटीतल्या घराघरांत शाळेच्या सुट्टीची विचारणा सुरू होते, आणि तेव्हा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर बाईंनी टाकलेली एक ओळ पुरेशी ठरते. या गटात पालकही असतात, शिवाय संदेश फक्त ॲडमिनने पाठवावेत अशी सोय करता येते. मात्र प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक सर्वांना दिसतो, ही त्यातली खोट.

शिक्षक-विद्यार्थ्यांनी इन्स्टाग्रामवर एकमेकांना फॉलो करणे वेगळे. तिथली वयाची अट 13 वर्षांची असल्याने नववीतली मुलगी नियमात बसते. पण रात्री अकराला सरांना पाठवलेला खासगी संदेश, शंका अगदी भूमितीच्या प्रमेयाची असली तरी, तिसऱ्या कुणाला दिसत नाही, आणि मला तोच एकांत खटकतो. शाळा सोडून गेलेल्या, सज्ञान विद्यार्थ्यांबाबत माझी हरकत नाही.