टायटॅनियम म्हणून जर्मन सिल्व्हर गळ्यात मारलं

चष्म्याच्या साध्या मेटल फ्रेमच्या बरोबर चौपट पैसे मोजले. मला निकेलची ॲलर्जी आहे, हे दुकानात शिरताशिरताच सांगितलं होतं. "मग टायटॅनियमच घ्या," म्हणत दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही. अहो, चुंबक जर्मन सिल्व्हरला तरी कुठे चिकटतं? ॲल्युमिनियमलाही नाही, पितळेलाही नाही. कुणी ही परीक्षा दाखवायला लागला की उठून या.

थोड्याच दिवसांत नाकाच्या पॅडमागच्या तारेवर हिरवं किटण चढलं, कानामागचा मुलामा उडाला आणि कानशिलावर पुरळ उठलं. हिरवं चढतं ते तांब्यामुळे. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल! ज्याच्यापासून पळत होतो, तेच पैसे देऊन कानावर चढवलं.

सगळ्यात चीड येते ती त्याच्या एका वाक्याची. "काडी निघाली तर घेऊन या, इथंच पाच मिनिटांत डाग देऊन जोडून देतो." टायटॅनियमला उघड्या हवेत असा डाग देता येत नाही. तापलं की ते हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं. जोडकाम आर्गॉनसारख्या वायूतच करावं लागतं. म्हणजे तो स्वतःच्या तोंडाने कबुली देत होता आणि मी खूश, की दुरुस्तीची कटकट मिटली. पण मी तरी काय ओळखणार? जुना चष्मा काढून ठेवलेला, आणि काडीच्या आतलं कोरीव वाचायला चष्माच लागतो! तिथे होतं फक्त 52-18-140, म्हणजे मापं. 'टायटॅनियम' होतं ते डमी काचेवरच्या स्टिकरवर. नंबरची काच बसवताना ती डमी कचऱ्यात जाते.

परत गेलो तर, "काचा कापल्यावर बदलून मिळत नाही." वर उपकार केल्यासारखी पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट. रिकामी फ्रेम आधीच वजनकाट्यावर ठेवून बघा: टायटॅनियमची घनता 4.5 ग्रॅम प्रति घन सेंमी, जर्मन सिल्व्हरची 8.5 च्या आसपास, म्हणजे तेवढीच फ्रेम जवळपास दुप्पट जड. माझी 26 ग्रॅम भरली. आणि वाकवून सोडली की सरळ होणारी 'मेमरी टायटॅनियम' ॲलर्जीवाल्यांनी घेऊच नका, तिच्यात वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं.

तक्रार कार्यालयात गेलो. तिथले साहेब विचारतात, बिलावर टायटॅनियम लिहिलंय का? बिलावर 'मेटल फ्रेम'. (तुम्ही धातूचं नाव लिहून घ्याच.) मग म्हणे, स्वखर्चाने तपासून आणा. खरवडून तपासायचं, तर दुकानदार म्हणणार, फ्रेम तुम्हीच खराब केली. पुन्हा गेलो तर टेबल बदललेलं, कागद नव्याने द्या. पुरळाचे फोटो दाखवले तर, "हा त्वचेचा विषय, आमच्याकडे येत नाही." मग येतं तरी काय तुमच्याकडे?

शेवटी डायमिथाइलग्लायॉक्झीमचे थेंब कापसावर घेऊन मुलामा उडालेल्या जागी चोळले. निकेल असेल तर कापूस गुलाबी होतो. चांगला गुलाबी झालेला कापूस नेऊन साहेबांसमोर ठेवला. "हा कापूस आहे," म्हणाले, "अहवाल नाही."