अहमदाबाद की दिल्ली?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या भाचीला माहितीपट शिकायचाय. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फिल्मचं अडीच वर्षांचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे, वडोदऱ्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर, शनिवारी घरी येता येईल. प्रवेशाला डिझाइनची चाचणी. दिल्लीत जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठाचं एमसीआरसी, म्हणजे मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर, १९८२ चं. उभारणीत कॅनडाचे माहितीपटकार जेम्स बेव्हरिज होते. तिथलं मास कम्युनिकेशनचं एम.ए. दोन वर्षांचं, त्यात रेडिओही.

परवा तिनं आजीला कुरडया घालताना मोबाइलवर टिपलं. सोऱ्या दाबणारे थरथरते हात सुरेख आलेत, पण आजी बडोद्याच्या जुन्या वाड्याबद्दल काय सांगत होती ते पंख्याच्या घरघरीत बुडालं. फार हळहळले मी. दृश्य तिला उपजत दिसतं. कान तयार व्हायला हवा. म्हणून माझं मत दिल्लीला. ताई मात्र अंतर मोजतेय.