इरिडियम वाचवायचं तर कोणता स्टॅक? कमी इरिडियमचा पीईएम आणि निकेलवरचा एईएम, शेजारी-शेजारी

पाणी विजेने फोडून हायड्रोजन बनवणाऱ्या पीईएम सेलमध्ये (यातली मेम्ब्रेन आम्लधर्मी, प्रोटॉन नेणारी) ऑक्सिजन सुटतो त्या बाजूला, म्हणजे ॲनोडवर, इरिडियम उत्प्रेरक म्हणून लागतं. असे अनेक सेल एकावर एक रचले की स्टॅक होतो. जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन इरिडियम निघतं, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणकामातलं उपउत्पादन म्हणून. मागणी वाढली तरी ते एकटं वाढवता येत नाही. जुन्या धर्तीच्या पीईएम सेलमध्ये ॲनोडवर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इरिडियम असतं. त्याच चौरस सेंटिमीटरवर 2 अँपिअर आणि सेलला 1.9 व्होल्ट धरले तर एका गिगावॉटला सव्वापाचशे किलो लागतं. म्हणजे सगळं उत्पादन याच कामाला लावलं तरी वर्षाला पंधरा गिगावॉट गाठणं कठीण. ज्यांना हे गणित पटलंय आणि जे काही किलोवॉटचा, सौर विजेवरचा संच ठरवतायत, त्यांच्यासमोर आज दोन पर्याय ठेवता येतात: इरिडियम 0.4 मिलिग्रॅमपर्यंत उतरवलेला पीईएम, किंवा निकेल-लोखंडाच्या ॲनोडचा एईएम (यातली मेम्ब्रेन हायड्रॉक्साइड आयन नेते आणि सेल पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, द्रावणावर चालतो).

कागदावर एईएम सरळ जिंकतो. इरिडियम शून्य, टायटॅनियमच्या जागी निकेल फेल्ट (इलेक्ट्रोडला टेकणारा, तंतूंचा सच्छिद्र थर) आणि स्टेनलेसच्या प्लेटा. मात्र ‘इरिडियममुक्त’ लिहिलेल्या माहितीपत्रकात कॅथोडची, म्हणजे हायड्रोजन सुटतो त्या बाजूची, ओळ आधी वाचा. चांगले आकडे दाखवणाऱ्या बऱ्याच एईएम सेलमध्ये कॅथोडवर प्लॅटिनम असतं. निकेल-मॉलिब्डेनम लावलं की व्होल्टेज वर सरकतं आणि मॉलिब्डेनम हळूहळू द्रावणात उतरतं. याउलट पीईएमच्या कॅथोडवरचं प्लॅटिनम कमी करणं सोपं आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या कामात ते 0.3 वरून 0.025 मिलिग्रॅमवर आणलं, तरी कामगिरीत फरक पडला नाही. म्हणून मौल्यवान धातूंची खरी बेरीज दोन्ही इलेक्ट्रोड आणि कोटिंग धरूनच करावी.

इरिडियम कमी केल्याची किंमत नेमकी कुठे मोजावी लागते? नुसत्या अभिक्रियेच्या वेगाकडे पाहिलं तर इरिडियम दहापट कमी केल्याने सुमारे 50 मिलिव्होल्टच जातात. खरा त्रास थराच्या जाडीचा. निव्वळ इरिडियम ऑक्साइडचा थर 0.5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की तो सलग राहत नाही. टायटॅनियम फेल्टचे तंतू साधारण 20 मायक्रॉनचे. दोन तंतूंच्या मधल्या पोकळीसमोर आलेल्या उत्प्रेरकातून इलेक्ट्रॉनला फेल्टपर्यंत वाटच मिळत नाही. त्यामुळे टायटॅनियम ऑक्साइडच्या आधारावर बसवलेला, इरिडियम 45 टक्क्यांच्या आसपास असलेला उत्प्रेरक घ्यावा, म्हणजे तेवढ्याच धातूत थर जाड होतो. आयनोमर (उत्प्रेरकाचे कण बांधणारा, आयन वाहणारा पॉलिमर) दहा-बारा टक्क्यांच्या आसपास ठेवा. फेल्टच्या ॲनोडकडच्या बाजूला बारीक टायटॅनियम पावडरचा थर हवाच. फेल्टवर प्लॅटिनमचं पातळ कोटिंग नसेल तर टायटॅनियमवर ऑक्साइड चढतो आणि इरिडियममध्ये वाचवलेलं संपर्करोधात निघून जातं.

सौर संचाला दुसरा धोका संध्याकाळचा. करंट बंद झाला की कॅथोडकडचा हायड्रोजन मेम्ब्रेन ओलांडून ॲनोडवर येतो आणि ऑक्साइडचा काही भाग धातूत बदलतो. सकाळी त्याचं पुन्हा ऑक्सिडेशन होताना थोडं इरिडियम विरघळतं. 2 मिलिग्रॅमच्या सेलमध्ये ही झीज बराच काळ झाकली जाते, 0.4 मध्ये ती लवकर उघडी पडते. उपाय साधा आहे: रात्री सेलला 1.3 व्होल्टवर धरून ठेवा. त्या व्होल्टेजला खर्ची पडणारा करंट अगदी किरकोळ असतो, पण त्यासाठी छोटी बॅटरी लागते. ते जमत नसेल तर थांबताना कॅथोडची बाजू नायट्रोजनने धुऊन काढा.

एवढं सांभाळूनही माझा कल पीईएमकडे आहे, आणि त्याचं कारण एईएममधलं पोटॅशचं द्रावण.

कॉस्टिक पोटॅश हवेतला कार्बन डायऑक्साइड सतत ओढतं. टाकीच्या व्हेंटवर सोडा लाइमची नळी लावली तरी द्रावण भरताना, नमुना घेताना, फिल्टर बदलताना हवा लागतेच. कार्बोनेट वाढलं की वाहकता घसरते आणि व्होल्टेज चढतं. हे चढलेलं व्होल्टेज उत्प्रेरक मेल्यासारखंच दिसतं. ॲनोडवरचा आयनोमर ऑक्सिडेशनने सुटायला लागला तरी व्होल्टेज चढतं, मेम्ब्रेनमधले अमोनियम गट हायड्रॉक्साइडने तुटले तरी चढतं. तिन्ही गोष्टी एकदम चालू असतात. मग दर आठवड्याला टायट्रेशन करत बसावं लागतं: 1 मोलर द्रावणाचे 5 मिलि, 0.5 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, आधी फिनॉल्फ्थॅलीनचा अंत्यबिंदू, मग मिथिल ऑरेंजचा. दोन बिंदूंमधलं आम्ल दुप्पट केलं की कार्बोनेटचा वाटा कळतो. द्रावण बदललं तरी लगेच निकाल मिळत नाही, कारण मेम्ब्रेनमध्ये शिरलेलं कार्बोनेट करंटखाली सावकाश बाहेर पडतं. त्यात मेम्ब्रेनही नाजूक. बसवण्याआधी ती पोटॅशमध्ये भिजवून आयन बदलून घ्यावी लागते. एकदा सेल उघडून ती वाळली की आक्रसते आणि गॅस्केटच्या कडेला फाटते. म्हणजे तपासायला उघडलेला सेल पुन्हा तोच सेल राहत नाही.

पीईएममध्ये बिघाड वेगळे ओळखता येतात. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी कठीण. आरओनंतर मिक्स्ड बेड रेझिन (उरलेले क्षार काढणारं) थकलं की कॅल्शियम मेम्ब्रेनमध्ये बसतं आणि उच्च-वारंवारतेचा रोध (मेम्ब्रेन आणि धातूंच्या संपर्कांचा मिळून) वाढतो. सौम्य गंधकाम्लाने धुतल्यावर तो बराचसा उतरला तर दोष पाण्याचा. उतरला नाही तर टायटॅनियमच्या कोटिंगकडे पाहा. रोध स्थिर असून व्होल्टेज चढत असेल तर इरिडियम जातंय असं धरायला हरकत नाही. पाणी 1 मायक्रोसीमेन्सच्या आत ठेवा आणि गरम पाण्याच्या वाटेवर स्टेनलेसऐवजी पीएफए या फ्लोरोप्लास्टिकच्या नळ्या घाला. लोखंडाचे आयन मेम्ब्रेन खातात.

एईएम नाकारावा असं म्हणत नाही. संच दिवसरात्र चालणार असेल, तापमान 60 अंशांच्या आत राहणार असेल, हायड्रोजन फार दाबाने नको असेल आणि टायट्रेशन करणारा माणूस हाताशी असेल, तर तो घ्यावा. त्यातही निकेल फोमवर थेट वाढवलेला निकेल-लोखंड ॲनोड निवडा. आयनोमर नसल्याने सुटण्याचा प्रश्न उरत नाही.

सौर संचासाठी मात्र मी 0.4 मिलिग्रॅमचा पीईएमच घेईन. 0.1 चे आकडे मोहात पाडतात, पण थांबा-चालूच्या कामात त्या पातळ थराला झिजायला जागाच नसते. पुरवठादाराला इरिडियमचं प्रमाण, फेल्टवरचं कोटिंग आणि थांबतानाची पद्धत, तिन्ही लेखी विचारा. जुने मेम्ब्रेन-इलेक्ट्रोड परत घेऊन त्यातलं इरिडियम तो काढून घेणार का, हेही त्याच पत्रात लिहा.